आजोबांच्या रेकॉर्डची झीज

१४ जानेवारी २००१, रविवार
माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची रेकॉर्ड सापडली. सोमाजी आजोबा म्हणजे आईचे वडील. खडकीला पलटणीच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटा पितळी कर्णा, वाजवायचे. गोऱ्या साहेबाने अख्खा बँड रेकॉर्डिंगच्या भोंग्यापुढे उभा करून वाजवून घेतला, ती ही रेकॉर्ड. एका बाजूला मार्च, दुसरीला ऑपेरा. ऑपेरा म्हणजे गोऱ्यांचं संगीत नाटक. त्यात मधे एकटा कॉर्नेट वाजतो, तेच आजोबा.

आई म्हणाली, लगेच लाव. तिला कमी ऐकू यायला लागलंय, डॉक्टर म्हणतात नस सुकतेय. पण घाई कामाची नाही. दर वेळी सुई घासली की रेकॉर्ड झिजते. मी लायब्ररीत क्लार्क आहे, जुनी वस्तू कशी जपायची ते मला कळतं. एकदाच वाजवायची, थेट कॅसेटवर घ्यायची. मग आईने दिवसभर ऐकावं.

२८ जानेवारी, रविवार
वारूळवाडीच्या गेणभाऊ मंडपवाल्याकडून ग्रामोफोन आणला. घरी ओतूरपर्यंत एसटीत मांडीवर. पाय अजून सुन्न. नवी सुईही दिली त्यांनी. नव्वद मिनिटांची कॅसेट घेतली. माझी बायको पुष्पा म्हणाली, रेकॉर्डची एक बाजू तर तीन मिनिटांची. बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०
सगळी तयारी झाली आणि लाईट गेली. टेप बंद. पुष्पा म्हणते, ग्रामोफोनला कुठं लाईट लागते, आईंना नुसतं ऐकवा तरी. मग झीज कोण भरून देणार? पुढे ढकललं.

आईने आतून विचारलं, लाईट आली का. नाही म्हटलं. तीनदा म्हणावं लागलं.

४ मार्च, रविवार
आज रेकॉर्डिंग. आईला खोकला आहे, तो टेपवर येईल म्हणून तिला शेजारी सुंदराकाकूंकडे बसवलं. जाताना म्हणाली, "म्या तोंडावर पदर धरून बसते की." नियम म्हणजे नियम.

कॉर्नेट सुरू झाला आणि नेमकी रस्त्यावरून वरात आली. टेपवर वरातीचा बँड खणखणीत, आजोबा त्याच्या मागे डासासारखे. गेणभाऊंना ऐकवलं. म्हणाले, राव, लई झ्याक वाजवतोय नवरदेवाकडचा. म्हणजे रेकॉर्डिंगची क्वालिटी उत्तमच आहे.

पण कॉर्नेट मी ऐकला. अंगावर काटा आला.

८ एप्रिल, रविवार
खिडक्यांना गोधड्या लावल्या. आई पुन्हा शेजारी. रेकॉर्डिंग यशस्वी! एक कुत्रं आहे, पण लांबचं.

पुष्पा म्हणते, आत्ताच्या आत्ता ऐकवा, सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी आईंनी गॅस बंद केला नाही. मी म्हटलं, लक्ष नसेल. शिवाय अठरा दिवसांवर आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पितरांना पाण्याची मडकी, करा-केळी, ठेवतो, नैवेद्य दाखवतो, त्याच वेळी आजोबांचा कॉर्नेट वाजला तर काय शोभा! अठरा दिवसांनी काय होतंय.

१५ एप्रिल, रविवार
कॅसेटच्या कव्हरवर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. शाई फुटली. नवं कव्हर आणलं. आईशी आता हाताने बोलतो. सोपं पडतं.

२६ एप्रिल, गुरुवार, आखिती, दुपारी १
नैवेद्य झाला. सुंदराकाकू, गेणभाऊ, सगळे जमले. आई नवं लुगडं नेसून टेपसमोर बसली, हात मांडीवर. बटण मी दाबलं. आवाज फुल. मार्च झाला, ऑपेरा झाला, कॉर्नेट झाला. गेणभाऊंनी डोळे पुसले. कॅसेट नुसती खरखरायला लागली.

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "गोरख, लाव की आता. किती येळ बसवतो?"

मी पुन्हा लावली. मग टेप बाजूला सारून सरळ रेकॉर्डच लावली, भोंगा तिच्या कानाशी नेला. एकदा, दोनदा, पाचदा. झिजेना का. आईने विचारलं, लावलंय का. मी मान हलवली. तिने बराच वेळ कान लावून ठेवला.

मग म्हणाली, "न्हाई रं. बाबा एवढं हळू न्हवतं वाजवत."

दुपारी ४
सुई बदलायला हवी, असं लिहायला बसलो होतो. सुई नवीच आहे.