मनुष्यस्वभाव आणि मिसेस पूलची डुकरीण

२९ फेब्रुवारी १८५२, रविवार, दुपार
रविवारी काम करणं पाप. पण रोजनिशी हे काम नव्हे, आत्मपरीक्षण आहे. म्हणून लिहितो.

निश्चय झाला. कादंबरी लिहायची. विषय: मनुष्यस्वभाव. त्याहून लहान विषय मला मानवत नाही. सध्या बोस्टनकडच्या लेखकांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, माणूस जन्मतः चांगला, समाज त्याला बिघडवतो. दुसरा म्हणतो, माणूस आईच्या पोटातूनच पापी येतो आणि वरून साळसूदपणाचा कोट चढवतो. गेली कित्येक वर्षं निकाल लागत नाही. मी लावून टाकतो.

चर्चमधून येताना सासरेबुवांनी पुन्हा तोच विषय काढला. सासरेबुवा म्हणजे चर्चचे मानकरी, डीकन स्टार्कवेदर. त्यांचा कातडी कमावण्याचा कारखाना आहे. म्हणाले, ॲसाहेल, लग्नाला चार महिने झाले, आता कधी येतोस कामाला? माझी बायको केझाया मध्ये पडली. बाबा, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत सवड द्या त्यांना. तोवर कादंबरी झाली नाही तर येतील. सासरे कबूल. मीही कबूल. नऊ महिने! एवढ्यात अख्खा माणूस तयार होतो, कादंबरीचं काय घेऊन बसलात?

त्या कारखान्याचा वास वारा फिरला की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. चुना, ओकची साल आणि मेलेली गाय. मी तिथे पाऊल ठेवणार नाही. जीव गेला तरी.

उद्यापासून पहाटे उठणे.

१ मार्च, सोमवार
पहाट हुकली. पण आज गावसभा होती आणि माझी निवड झाली!! एकमताने! डुकरांचा कारभारी. मोकाट डुकरं धरायची, जमीन उकरू नये म्हणून नाकात कडी घालायची, कोंडवाड्यात टाकायची, कुणाच्या शेताचं नुकसान झालं तर निवाडा करायचा. माझं नाव पुकारल्याबरोबर सभा बाकं बडवून हसायला लागली. लोहाराने तर टोपी उडवली. एवढं प्रेम मला अपेक्षित नव्हतं. आभाराचं भाषण केलं. निसर्ग आणि कायदा यांवर बोललो. अर्धी सभा जेवायला गेली तरी बोललो.

माझ्याबरोबर सुताराच्या थोरल्यालाही नेमलंय. त्याचंही नुकतंच लग्न झालंय. योगायोग.

घरी सांगितलं तर केझायाला हसता हसता ठसका लागला. अहो, म्हणाली, ते काम नव्या नवऱ्यांनाच देतात, थट्टा म्हणून. स्वतः दावणीला बांधले गेलात, आता डुकरं बांधा, असं. माझ्या बाबांनाही दिलं होतं.

म्हणजे परंपरा मोठी आहे. सासऱ्यांनंतर मी.

१९ एप्रिल, सोमवार
कादंबरीचा पाया पक्का झाला: माणूस जन्मतः चांगला. नायक रानात एकटा राहतो, कुणापुढे वाकत नाही, स्वतःचं स्वतः बघतो. पहिलं वाक्य लिहिलं: ‘तो चांगला होता.’ ठाशीव वाक्य आहे. याच्यापुढे काय लिहावं हा प्रश्न आहे, इतकं ते पूर्ण आहे.

केझायाने दुपारचं ताट टेबलावर आणून दिलं. तिला म्हटलं, स्वावलंबन हा या देशाचा आत्मा आहे. हो का, म्हणाली, मग ताट तेवढं विसळून ठेवा.

विचाराची तंद्री लागल्यामुळे ताट राहिलं.

११ मे, मंगळवार
पहिली तक्रार. मिसेस पूल या विधवेची डुकरीण पाद्रीबुवांच्या वाटाण्यात शिरली. डुकरीण म्हणजे काय, चालतं-फिरतं कोठार. पाद्री म्हणाले, कडी घाला तिच्या नाकात. मी नकार दिला. कडी घातली की तिच्या मनात पहिल्यांदा येणार, आपण चोर आहोत. कुंपणच चोर निर्माण करतं, असं मी पाद्रीबुवांना समजावलं. ते ऐकत होते. निदान डोळे मिटून उभे होते.

मिसेस पूल खूश. माझी बाई गुणाचीच आहे हो, म्हणाली, ते वाटाणेच रस्त्याच्या फार जवळ लावलेत.

खरं म्हणजे मला त्या डुकरिणीची भीतीही वाटते. पण तो मुद्दा वेगळा.

८ जून, मंगळवार, संध्याकाळ
केझाया बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली होती. प्रयोगाला वेळ योग्य होती. आमच्या भाजीच्या वाफ्यांभोवतीचं कुंपण काढलं. सगळं. जो लेखक स्वतःच्या कोबीवर सिद्धांत पारखत नाही, तो कसला लेखक? फळ्या कोठारामागे रचल्या. पाठ भरून आली. आज लेखन नाही.

केझाया आली आणि तिने वाफ्यांभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, अहो, हिवाळ्याचं खाणं आहे ते. मी म्हटलं, विश्वास ठेव. कुणावर, विचारलं तिने, तुमच्यावर की डुकरिणीवर? मी म्हटलं, निसर्गावर. सुतारकाम येत असतं तर आत्ता हातोडी घेतली असती, असं म्हणून आत गेली.

२ जुलै, शुक्रवार
प्रयोग यशस्वी! डुकरीण रोज येते, वाफ्याच्या कडेला उभी राहते, हुंगते आणि परत जाते. कुंपण नाही, कडी नाही, केवळ अंतःकरण. सासऱ्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते म्हणाले, कोबी अजून मुठीएवढाच आहे रे. मी हसलो. जुन्या मताच्या माणसाला चांगुलपणा दिसत नाही.

२३ ऑगस्ट, सोमवार
सर्वनाश.

डुकरीण आली. एकटी नाही, सगळी पिलावळ घेऊन. कोबी गेला. सलगम गेले. घेवडा गेला, वेलीसकट. भोपळे अर्धे खाल्ले, अर्धे नुसते लाथाडले. या शेवटच्या गोष्टीचा राग येतो.

मी खिडकीतून ओरडलो. बाहेर गेलो नाही, कारण पिलांसोबतची डुकरीण अंगावर येते. केझाया गेली, झाडू घेऊन. सगळ्यांना हाकललं आणि मागच्या पायरीवर बसून रडली. मोठ्याने नाही. मला फार वाईट वाटलं. जवळ जाऊन बसलो. म्हटलं, माझं तत्त्व चुकलं असावं. ती म्हणाली, तत्त्व नाही हो, कोबी गेलाय.

२४ ऑगस्ट, मंगळवार
तत्त्व बदललं. प्राणिमात्र जन्मतः पापी आहे.

भरपाई मागायला मिसेस पूलकडे गेलो. ती म्हणाली, कायदा वाचा आधी. कुंपण असताना डुक्कर शिरलं तर डुक्कर दोषी. कुंपणच नसेल तर जमीनमालक दोषी. आणि निवाडा कारभाऱ्यानेच करायचा. म्हणजे मी. तेव्हा कारभारी म्हणून मी मला दोषी ठरवलं आणि जमीनमालक म्हणून माझा तीव्र निषेध केला. मिसेस पूल दारात उभी राहून ऐकत होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाली, पण निवाडा चोख हो!

‘तो चांगला होता’ खोडलं. ‘तो पापी होता’ लिहिलं. लेखनाने वेग घेतला.

१४ सप्टेंबर, मंगळवार
नवी कादंबरी अशी: गावातला सर्वांत सज्जन माणूस मनात एक भयंकर पाप लपवून आहे. नमुना डोळ्यांसमोरच आहे, सासरेबुवा! इतका सरळ माणूस सरळ असूच शकत नाही. पाळत ठेवायचं ठरवलं. सर्दी झाली, म्हणून उद्यापासून.

२९ सप्टेंबर, बुधवार
सापडलं!

संध्याकाळी सासरे पाठीवर पोतं घेऊन इकडेतिकडे बघत आमच्याच अंगणात शिरताना दिसले. मी कोठारामागे, फळ्यांच्या आड. त्यांनी तळघराचं दार उघडलं, पोतं उतरवलं, कंबर धरून उभे राहिले आणि निघून गेले. मी आत जाऊन पाहिलं. बटाटे, कोबी, सफरचंदं. खारवलेल्या डुकराच्या मांसाचं पिंपही होतं. सासरे बरेच आधीपासून येत असावेत. मला वाटत होतं केझाया काटकसर करते.

विचार करकरून निष्कर्ष काढला. चोरून दान! मनात केवढं मोठं पाप असेल, तेव्हा माणूस इतकं चांगलं वागत असेल. केझायाला सांगितलं. तिने कणीक मळता मळता माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुम्हाला कमीपणा वाटू नये म्हणून लपून आणतात ते. आणि तुम्ही त्यांच्यावर पाळत ठेवता? लाज नाही वाटत?

जेवताना ताट माझ्यापुढे आदळलं. कोबी मात्र छान झाला होता.

१८ ऑक्टोबर, सोमवार
तिसरा विचार पुढे आला आणि तोच अंतिम. माणूस चांगलाही नाही, पापीही नाही. तो नियतीच्या हातातलं बाहुलं आहे. जे व्हायचं ते होतंच. आता हाच विचार खरा मानला, तर कादंबरी व्हायची असेल तर होईलच. मी मध्ये लुडबुड करणं अज्ञानाचं ठरेल.

लुडबुड केली नाही.

९ नोव्हेंबर, मंगळवार
नियतीने अजून काही केलेलं नाही.

२५ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग
सासऱ्यांकडे जेवण. भाजलेली टर्की, भोपळ्याची गोड पाई, सगळं होतं. कादंबरी खिशात होती. एकच ओळ: ‘तो होता.’ चांगला आणि पापी दोन्ही खोडल्यावर एवढंच शिल्लक राहतं.

जेवण झाल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, मी हरलो. शब्द दिला होता, पाळतो. कला बाजूला ठेवून सोमवारपासून कारखान्यात येतो. पत्नीसाठी माणूस केवढा त्याग करतो, हेही म्हटलं. आणि कुणी डोळे पुसतं का ते पाहिलं.

सासऱ्यांनी सुरी खाली ठेवली. म्हणाले, नको.

मला वाटलं, माझं मन राखतायत. म्हटलं, नाही, मी येणारच. ते म्हणाले, अरे बाबा, खरंच नको. माणसाच्या हातून स्वतःच्या बळावर काही चांगलं घडत नाही, असं मी जन्मभर चर्चमध्ये ऐकत आलो. खरं सांगू? कधी पटलं नव्हतं. तुला बघितलं आणि पटलं. माझ्याकडे चुन्याच्या कुंडात माल भिजत असतो. तू तिथे काही प्रयोग करशील.

मग केझाया म्हणाली, मी जाणार आहे. माल मोजायला आणि पत्रव्यवहार बघायला. गेल्या महिन्यातच ठरलंय. तुम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं.

नऊ महिने मी ज्या जागेला भीत होतो, तिथे मी नकोय. हायसं वाटायला हवं. वाटत नाही.

२९ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळ
केझाया अंधार पडता पडता आली. केसांना तोच वास. बोटं थंडीने लाल झालेली. खुर्चीत बसली आणि डोळे मिटले.

मला लाज वाटली. खरीखुरी, पोटातून. वाटलं, म्हणावं, उद्यापासून मी काहीतरी करतो, कुठेही, कुणाकडेही. तोंड उघडलं. ती डोळे न उघडता म्हणाली, पाणी तापवलंत का? तापवलं नव्हतं. चूलच विझली होती. पण ही लाज हातची जाऊ नये म्हणून चूल पेटवण्याआधी ती लिहून घ्यायला बसलो.

काय लिहिताय, विचारलं तिने. म्हटलं, माणूस नावाच्या प्राण्याविषयी. ती म्हणाली, मागे लाकडं फोडायची राहिलीत, सांगा त्याला.

गेलो. तीन फोडली. बाकीची तिने येऊन फोडली, मी कंदील धरला.