नुकसान कमी करून मिळण्याबाबत

ती. ताई,

तुम्हाला आणि साडूबुवांना नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना तो वाजतो आणि उतरताना गप्प असतो, असं तुम्ही मागे म्हणाला होतात. (उतरताना वाजला असता तर जास्त काळजी, असं मला उगाच वाटतं, पण मी डॉक्टर नाही.) साडूबुवांचा खोकला गेला असेल. नसल्यास त्यांना खिडकीशी बसून पेपर वाचणं बंद करायला सांगा. ते माझं ऐकणार नाहीत हे माहीत आहे, तुमचंही ऐकत नाहीत हेही माहीत आहे, तरी सांगा.

मी बरा आहे. जेवणखाण वेळेवर आहे. वादळात काय काय झालं असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी "विशेष काही नाही" म्हणालो, आणि दोन दिवसांनी शेजारच्या बँकवाल्यांच्या बायकोकडून तुम्हाला कळलं की आमच्या मागच्या खोलीचं छप्पर उडालं आणि तिथे त्यांची पाण्याची टाकी येऊन बसली आहे. तुम्ही रागावलात. रागावणं रास्त आहे. पण फोन कानाला लावला की मला शब्द सुचत नाहीत, म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसलो आहे. काळजीचं कारण नाही. मुद्दाम यायची तर अजिबात गरज नाही.

वादळ दुपारी चारच्या सुमारास आलं. मी चहा गाळत होतो. (हे मी विम्याच्या फॉर्मवरही लिहिलं आहे, कारण "घटनेच्या वेळी विमाधारक काय करत होता" असा रकानाच आहे. गाळणं पूर्ण झालं होतं का, हे विचारलेलं नाही. झालं नव्हतं.) आधी मागच्या खोलीचे पत्रे एकेक करून सुटले. आवाज असा, की कुणीतरी मोठ्या वहीची पानं रागारागानं उलटत आहे. मग क्षणभर सगळं शांत झालं आणि बँकवाल्यांच्या गच्चीवरची काळी टाकी सरळ खोलीत उतरली. ती रिकामी होती म्हणून उडाली. भरलेली असती तर जागची हलली नसती, हे बँकवाल्यांनी मला नंतर चार वेळा समजावून सांगितलं. तुमच्या धाकट्या बहिणीचं इस्त्रीचं टेबल टाकीखाली गेलं. कपाटाचं दार वाकलं. शिलाई मशीन हातभर अंतरावर होतं, त्याला ओरखडाही नाही. त्या खोलीतलं मी गेल्या आठ महिन्यांत काही हलवलं नव्हतं. टाकीनं मात्र आल्याआल्या हलवलं.

घराचा विमा तिनेच काढायला लावला होता, हे तुम्हाला माहीत आहे. मी विमा कंपनीला कळवलं. त्यांच्या बाईंनी फोनवर बजावलं, की पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मी तीस वर्षं घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. सूचना म्हणजे सूचना. पाहणीला बारा दिवस लागले आणि बारा दिवस टाकी खोलीत होती. बँकवाले रोज संध्याकाळी येऊन तिची विचारपूस करून जात. "आज नेऊ का हो?" असं विचारत. मी नाही म्हणालो की टाकीवर दोनदा थाप मारत, घरी जात आणि बादल्या भरत. एकदा त्यांनी तिचा नळही पुसला. पाऊस अधूनमधून होताच, आणि मशीनला हात लावायचा नव्हता, म्हणून मी तिची मोठी छत्री उघडून खुर्चीच्या पाठीला बांधली आणि खुर्ची मशीनजवळ सरकवली. (खुर्ची हलवली, ही नोंद मी फॉर्मच्या मागच्या बाजूला केली आहे.)

मग सर्व्हेअर आले. जाडजूड, घामाघूम, चांगला माणूस. त्यांनी भिंतीवरचा तडा पाहिला आणि मान हलवून वहीत लिहायला घेतलं. मी म्हणालो, तो तडा वादळाचा नाही, अकरा वर्षांपूर्वीचा आहे. ते थांबले. मग छताच्या कडेचा ओलीचा डाग. मी म्हणालो, तोही जुना. कपाटाचा तिसरा कप्पा मोडलेला होता. मी म्हणालो, तो माझ्या हातून मोडला, गाद्या ठेवताना. आता काटा दाखवतो तेवढंच लिहायचं, ही माझी नोकरीच होती, त्यात माझा मोठेपणा काही नाही. पण सर्व्हेअरांचं मन भरून आलं. त्यांनी वही मिटली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काका, तुमच्यासारखी माणसं भेटत नाहीत हो. काळजी सोडा. मी सगळंच टोटल लॉसमध्ये घालतो." मला वाटलं, हे काहीतरी चांगलं असावं. मी आभार मानले. चहाही दिला, गाळून.

आठवड्यानं पत्र आलं. खोली पूर्ण बाद. कपाट, मशीन, टेबल, सगळं पूर्ण बाद. भरपाई पुरेपूर. आणि खाली बारीक अक्षरात असं, की भरपाई दिलेल्या वस्तू आता कंपनीच्या मालकीच्या झाल्या, कंपनीचा भंगारवाला टेम्पो घेऊन येईल, त्याला सहकार्य करावं. ताई, मी ते पत्र उभ्यानेच तीनदा वाचलं. त्याच दिवशी तुमचा फोन आला होता. "देऊन टाका सगळं! जुनं कवटाळून काय बसायचं? छान नवी खोली बांधा," असं तुम्ही म्हणालात आणि मी "बरं" म्हणालो. माझं "बरं" म्हणजे होकार नसतो, हे तुमच्या धाकटीला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात समजलं होतं. तुम्हाला ते सांगायचं राहिलं असावं. मला नवी खोली नको आहे. मला तीच खोली हवी आहे, वर पत्रे घालून, आणि तेच मशीन, तिथेच. एवढंच माझं म्हणणं आहे आणि या सगळ्या पत्राचा सारांशही तोच आहे.

म्हणून मी अर्ज लिहिला. विषय: नुकसान कमी करून मिळण्याबाबत. कार्यालयात गेलो तर दाव्यांच्या टेबलावर फोनवरच्याच बाई होत्या. चष्म्याला दोरी, समोर फायलींचा डोंगर, त्यावर एक रिकामा डबा. त्यांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना हाक मारून त्यांच्याकडून वाचून घेतला.

"काका, हा अर्ज उलटा लिहिलाय तुम्ही."

"नाही, सुलटाच आहे."

"अहो, बावीस वर्षं झाली मला इथे. नुकसान वाढवून मागणारे रोज येतात. एकजण तर न उडालेल्या छपराचे पैसे मागत होता. कमी करून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच. यात फसवणूक नक्की कुठे आहे, तेच मला सापडेना झालंय!"

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मला वाटतं कपाटात काहीतरी असणार." मी म्हणालो, "आहे. दोन गाद्या आणि हिवाळ्याचे कपडे." दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, की एकदा पूर्ण बाद ठरलेली वस्तू बरी झाली, असा फॉर्म त्यांच्याकडे नाही. पण फेरतपासणी करता येईल, त्या स्वतः येतील.

गेल्या आठवड्यात मंगळवारी बाई आणि सर्व्हेअर दोघं आले. सर्व्हेअर जरा दुखावलेले दिसले. (मला त्यांचं वाईट वाटलं. माणसानं भरभरून द्यावं आणि समोरच्यानं परत करावं, हे कुणाला आवडेल?) टाकी तोवर बँकवाल्यांनी दोराला बांधून वाजतगाजत घरी नेली होती, आणि वर मी निळी ताडपत्री बांधली होती, ती वाऱ्यानं सारखी फडफडत होती. बाईंनी भिंतींवर टिचक्या मारल्या. कपाटाचं दार मी खांदा लावून उघडून दाखवलं आणि खांदा लावूनच बंद केलं. त्यांनी लिहिलं: खोली दुरुस्तीयोग्य, कपाट दुरुस्तीयोग्य. मग मशीनपाशी आल्या, छत्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे चालतं का?"

"चालतं."

त्यांनी माझ्या शब्दावर "चालू स्थितीत" असं लिहिलं, सही केली, माझी सही घेतली आणि फेरतपासणीची पावती माझ्या हातात दिली. ती मी ताबडतोब जपून ठेवली. तेवढ्यात सर्व्हेअर म्हणाले, "चालवून तर बघू या. नाहीतर उद्या माझ्यावर यायचं."

"घरात कोण चालवतं हे?" बाईंनी विचारलं.

"आता कुणी नाही."

बाईंनी छत्री मिटून बाजूला ठेवली, खुर्ची मशीनसमोर ओढली आणि म्हणाल्या, "मग तुम्ही बसा."

ताई, मी त्या मशीनवर कधी बसलो नव्हतो. तीस वर्षं त्याचा आवाज दुसऱ्या खोलीतून ऐकला आहे, त्यामुळे कसं चालवायचं ते मला आवाजावरून माहीत होतं. सुईखाली कापड आधीपासून होतंच. मी पायडलवर पाय ठेवला. काही झालं नाही. बाई म्हणाल्या, "चाक फिरवा आधी." चाक फिरवलं तर मशीन उलटं जायला लागलं. सर्व्हेअर म्हणाले, "दुसरीकडे, दुसरीकडे!" दुसरीकडे फिरवलं आणि एकदम ते धावायलाच लागलं. तोच आवाज. मला थांबवायचं कसं ते ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थांबवावंसंही वाटेना. कापड जाईल तिकडे मी गेलो. बाई "बास, बास" म्हणत होत्या, सर्व्हेअर टाळ्या वाजवत होते, आणि कुंपणापलीकडून बँकवाले ओरडून विचारत होते, "वहिनी आल्या का?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते गप्प झाले. दोरा तुटला तेव्हा कुठे माझा पाय थांबला.

बाईंनी वाकून टीप पाहिली. त्यांच्या स्वतःच्या वहीत त्यांनी लिहिलं, "मशीन उत्तम. शिलाई वाकडी." मला दाखवलंही. मी म्हणालो, बरोबर आहे. जाताना सर्व्हेअरांनी पुन्हा माझा हात हातात घेतला. एकंदरीत सगळं सुरळीत पार पडलं आहे. पत्रे टाकणारा पुढच्या महिन्यात येतो म्हणाला आहे.

साडूबुवांना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

आपला,
तुमच्या धाकटीचे हे

ता. क. सगळं सुरळीत पार पडलं असं वर लिहिलं आहे, त्यात थोडं राहिलं. ती पावती मूळ प्रतीत येत्या शुक्रवारपर्यंत कार्यालयाच्या खिडकीवर द्यायची आहे. दिली नाही तर पहिला निकाल कायम राहतो आणि सोमवारी टेम्पो येतो. पावती मी जपून ठेवली आहे हे खरं आहे. हातात कागद आला की आधी खिशात घालायचा, ही माझी नोकरीतली सवय. त्या दिवशी शर्ट वाळत होता, अंगात बिनखिशाचा स्वेटर होता, ताडपत्रीखाली वारा होता. सुईखालच्या कापडाला खिसा होता. मी तिथे घातली. पुढे काय झालं ते तुम्हाला कळलं असेल. खिशाची एक बाजू शिवायची राहिली होती. ती मी शिवली, आणि मग कापड वळलं आणि तोंडही शिवलं गेलं. मी बाईंना फोन करून दुसरी प्रत मागितली. त्या म्हणाल्या, मूळ पावती गहाळ झाल्याचं लिहून द्या, लगेच देते. पण ती गहाळ झालेली नाही, ताई. ती कुठे आहे हे मला अगदी नेमकं माहीत आहे.

ता. क. २. ते कापड म्हणजे तुमचा गाऊन आहे. दुकानातल्या गाऊनला खिसे नसतात म्हणून तुम्ही तिच्यामागे लागला होतात. तिने दोन मोठे खिसे बेतले. त्यातला एक आता बंद आहे. हे मी फोनवर सांगणार होतो, पण तुम्ही गुडघ्याबद्दल बोलत होतात.

ता. क. ३. तुम्ही म्हणाल, दोन टाके उसवायला कात्री पुरे. मी भिंग घेऊन बसलो होतो. दोरा एकच आहे. माझी टीप वाकडी आहे, पण सुरुवातीचे चार-पाच टाके सरळ पडले आहेत आणि ते तिच्या टिपेला लागून आहेत. तिची टीप कुठे थांबली आणि माझी कुठे सुरू झाली, ते मला ओळखता येत नाही. कात्री तिथे लावायची माझी छाती होत नाही. तुम्ही दोघी एकाच बाईंकडे शिवण शिकलात, तुम्हाला ओळखता येईल. तेव्हा गुरुवारी सकाळच्या साडेनऊच्या गाडीनं या. स्टेशनवर मी असेन, जिना लागणार नाही अशा बाजूला उभा राहीन. माझं तेवढं उसवून पावती काढू. तिचं जिथे थांबलं आहे तिथून पुढे तुम्ही शिवा. मी चाक फिरवतो. कुठल्या बाजूला फिरवायचं ते आता मला माहीत आहे.