सुवर्णमहोत्सव समितीला ग्रंथ सापडेना

तीर्थरूप उज्वलाताईस, धाकट्या समाधानचा नाशिकहून दंडवत. गुडघा काय म्हणतो? भाऊजींनी मागावर बसणं कमी केलं का? इकडे सगळं ठीक, फक्त माझी अब्रू शनिवारपर्यंतचीच पाहुणी आहे. (फोन केला नाही, तू पहिल्याच वाक्याला हसत सुटतेस. हे पत्र येवल्याच्या एसटीत कंडक्टरकडे देतोय.)

आठवडे बाजाराच्या अर्थशास्त्रावरच्या त्या जाडजूड ग्रंथाला पन्नास वर्षं झाली म्हणून विद्यापीठाने समिती नेमली. अध्यक्ष मी. का, तर 'हा ग्रंथ मी दरवर्षी नव्याने वाचतो' असं स्टाफरूममध्ये तीस वर्षं छातीठोक सांगत आलोय. (वाचला असता तर नव्यानेच वाचला असता, एवढं खरं.) चार सभा झाल्या. एकीत शालीचा रंग, दुसरीत पत्रिकेत कुणाचं नाव वर, उरलेल्या दोन्हींत बटाटेवडा की ढोकळा. ग्रंथात आहे काय, हा विषय निघाला की सगळे घाईघाईने चहा मागवतात. सगळ्यांत आधी मी.

पाचव्या सभेत मला हुक्की आली. म्हटलं, ग्रंथदिंडी काढू! मूळ प्रत पालखीत, पुढे लेझीम, मागे कुलगुरू. टाळ्या पडल्या. तेवढ्यात ग्रंथपाल झुंबरबाई रजिस्टर घेऊन आल्या. ग्रंथालयात प्रत एकच, आणि ती १९९४ पासून माझ्या नावावर! बाईंनी तारखेसकट वाचून दाखवलं गं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुलगुरू मात्र गहिवरले. म्हणाले, "इतकी वर्षं ग्रंथ उराशी धरलात! शनिवारी तासभर तुम्हीच बोला." तेव्हापासून मला ढोकळासुद्धा जात नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
समाधान

ता. क. ग्रंथ तुझ्याकडे आहे, हे आपल्या दोघांनाच माहीत. बाबांनी तुझं कॉलेज सोडवलं तेव्हा तुझ्यासाठीच मी तो माझ्या नावावर काढला होता. तू वाचलास, मला चार पानांत लिहून दिलास, आणि एम.ए. मी झालो. याची मला आजही लाज वाटते, बोललो नाही इतकंच. तो घेऊन ये. पालखीमागे तू चाल, भाषणही तूच कर. पत्रिका छापून झाली. तुझं नाव कुलगुरूंच्याही वर आहे.

ता. क. दुसरा. यायचं जमणारच नसेल, तर ग्रंथ याच कंडक्टरकडे दे. सोबत चार पानं. अक्षर जरा मोठं काढ, आता मला चष्मा लागलाय.