माझ्या खोलीखालचं मशीन

डॅरेल,

गॅरेजचं दार उघडणारं मशीन बसलं. ते बसवणारा लॉनी सकाळी आला आणि शिडी लावून थेट छताला भोकं पाडायला निघाला. मी म्हटलं, "अरे, भिंतीवरचं ठरलंय. छतावरच्याने वर माझा पलंग हादरतो." तो बिचारा शिडीवरच थांबला. "पण तुमच्या मुलाने छतावरचंच सांगितलंय. एक तारखेपासून वरच्या खोलीत कुणी राहणार नाही म्हणाला."

मी त्याला कॉफी दिली.

याच टेबलाशी तू मला दोन्ही मशीनची चित्रं दाखवलीस. "आई, तुझी झोप मोडायला नको, भिंतीवरचंच घेऊ," म्हणालास. तेव्हाच मला या घरातून हलवून कुठे ठेवायचं ते ठरलं होतं ना? तुझी बायको मार्लिस रविवारपासून इतकी गोड का बोलतेय, तेही आता कळलं.

रात्रीच्या जेवणाचं हॉटडिश ओव्हनमध्ये आहे. मी शनिवारपर्यंत जॉइसमावशीकडे आहे. फोन करू नकोस.

लॉनीकडून मी भिंतीवरचंच बसवून घेतलं. त्याने दार चारदा उघडलं, लावलं. मी वर पलंगावर आडवी होते, काही ऐकू आलं नाही. एक तारखेला मी तिथेच झोपलेली असेन.

आई