दुसरीच्या लेकीशी बोलताना

मुलुंड, १८ एप्रिल २०२४

चि. प्रियंकास,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर बोलले असते, पण आमच्या एका खोलीत सगळ्यांना सगळं ऐकू जातं. म्हणून लिहितेय. कुंडलिक भावजींना दाखवू नकोस.

मी सांभाळते ती गंधाली मागच्या महिन्यात खिडकीशी उभी राहून विचारत होती, की शकुमावशी, डोंगर आज निळा का दिसतो. पावणेतीन वर्षांची पोर! तिच्याशी सारखं बोलायचं, गाणी म्हणायची, असं तिच्या आईने, नलिनी मॅडमनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि माझी ऋतिका, तिच्याच वयाची, चार शब्द बोलते. आई, पाणी, नको आणि गप. ती दिवसभर पाळणाघरवाल्या बाईंकडे, एका खोलीत नऊ पोरं आणि चालू टीव्ही. 'गप' कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. दवाखान्यात कान तपासले, ठणठणीत आहेत. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, की हिच्याशी कुणी बोलतं का.

मला त्या गंधालीचा इतका हेवा वाटला, की गेल्या आठवड्यात तीन दिवस तिच्याशी बोललेच नाही. भरवलं, आंघोळ घातली, झोपवलं, सगळं मुक्याने. चौथ्या दिवशी तिने माझी हनुवटी धरून तोंड वळवलं आणि विचारलं, मी काय केलं. शरम वाटली गं. पण ऋतिकाकडे तर तसं विचारायलाही शब्द नाहीत.

राग नसावा.
तुझी ताई,
शकु

दहिसर, २५ एप्रिल २०२४

ती. शकुताईस,
सा. जयभीम वि. वि.

आधी तुला झापते. त्या लेकराने तुझं काय घोडं मारलंय? परत असं करू नकोस.

ऋतिका मंद नाही. माझ्या अंगणवाडीत अशी कितीतरी येतात, आया दिवसभर कामावर. बोलणारं माणूस मिळालं, की बोलायला लागतात.

भीमजयंतीच्या दिवशी मी तुला म्हटलं, हिला माझ्याकडे ठेव. तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, की तुला मूल नाही म्हणून माझं हवंय. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. पण खोटं कशाला बोलू? हवीच आहे. ती तुझ्या खांद्यावर झोपली, की मला बघवत नाही. म्हणूनच तिला नेणार नाही, मीच येते. मे महिन्यात पंधरा दिवस सुट्टी आहे. तोवर तू मॅडमशी बोल, दुपारी दोनला सुटायचं बघ. नुसतं जळून पोर बोलणार नाही, ताई.

तिला पापा. तुझा जीव माझ्यावर राहू दे, रुसलीस तरी.
तुझी,
प्रियंका

मुलुंड, २३ जून २०२४

चि. प्रियंकास,
सप्रेम जयभीम वि. वि.

मॅडम दोन दिवस घुश्शात होत्या, मग मला दोनला सोडायला तयार झाल्या. दुपारला दुसरी बाई ठेवलीय. गंधाली तिलाही मावशी म्हणते. आतून जळले, काय सांगू.

पगार कमी झाला. हे कुरकुरले, मग रिक्षा जास्त वेळ चालवतो म्हणाले. ऋतिका सकाळी इथल्या अंगणवाडीत जाते, दुपारी माझ्याजवळ. भाजी निवडताना, भांडी घासताना मी नुसती बडबडते. मे महिन्यात तू पंधरा दिवस राहून गेलीस, तेव्हापासून तिने तोंडच उघडलं नव्हतं. वाटलं, वाट लागली.

काल मी तिची वेणी घालत होते. तिने डोकं सोडवून घेतलं, दारात जाऊन चपला उलट्या घातल्या आणि मला स्पष्ट म्हणाली, मला मावशी पाहिजे.

तिचं पहिलं वाक्य गं, आणि तेही तुझ्यासाठी! दिवसभर तुझा असा राग आला, की पत्राचा कागद काढून परत ठेवला. संध्याकाळी हे आले, तर मीच तिला तीनदा म्हणायला लावलं. मग शेजारी नेऊन ऐकवलं.

येत्या रविवारी ये. ती तुझ्या गळ्यात पडेल तेव्हा मी चहा टाकायच्या निमित्ताने आत वळेन, समजून घे.

तुझी जळकी ताई,
शकु