दुसरं नाव

लातूर,
१० जून

प्रिय सिंधू,

अक्षर ओळखलंस ना? मुरुडच्या शाळेत नऊ वर्षं आपण एकाच टेबलावर वह्या तपासल्या, तेव्हा ओळखलं असशीलच. फोन दोनदा हातात घेतला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. पलीकडून तू "कोण बोलतंय?" असं विचारलं असतंस तर मला पुढे एक शब्द सुचला नसता. पत्रात निदान तू मध्येच बोलू शकत नाहीस, आणि तुला मध्ये बोलायची किती खोड होती ते मला ठाऊक आहे.

विषय असा आहे की मी कुत्रा पाळावा की नाही. हस खुशाल. ज्या बाईने शाळेच्या पडवीतून कुत्री हाकलायला खास छडी ठेवली होती, तीच विचारतेय.

झालं असं. हे गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून वरचा मजला मी भाड्याने देते. आमच्या गल्लीतली निम्मी घरं आता अशीच चालतात. अकरावी-बारावीच्या पोरांसाठी आया गाव सोडून इथे येतात, दोन वर्षं पहाटे उठून डबे करतात, आणि परीक्षा झाल्या की भांडीकुंडी टेम्पोत घालून निघून जातात. मागच्या वेळचं बिऱ्हाड गेलं तेव्हा मी आठ दिवस संध्याकाळी वर जाऊन दिवा लावून येत होते. कुणासाठी, ते विचारू नकोस. आता देवणीची आरती आहे, तिचा टेम्पो पंचवीस तारखेला येतोय. तिची मुलगी पुढे वसतिगृहात राहणार, आणि मागे राहतो तो तिचा कुत्रा. डॅशहुंड म्हणतात त्या जातीला. लांबच लांब अंग आणि वीतभर पाय. मुलीने नाव ठेवलंय शेवगा. दूध घालणाऱ्या सरजाबाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किटली खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, लई लांब हाय की वो हे. देवानं पाय द्यायचं इसरलं काय?" देवणीला आरतीच्या सासरी गोठ्यावर दांडगी कुत्री आहेत. दिवाळीत त्यांनी याला जवळजवळ फाडलाच होता. मी नाही म्हटलं तर तिथे तो खोलीत बांधलेला राहील.

माझ्या मनात नव्हतंच काही. पण एप्रिलमध्ये जिने चढून-उतरून त्याची पाठ धरली आणि मागचे पाय ओढायला लागला. आरती मुलीच्या परीक्षेच्या धावपळीत. मी म्हटलं, आठ दिवस राहू दे खाली. ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत. सकाळी मी पूजेला बसते, हातावर इष्टलिंग घेते, तेव्हा तो उंबऱ्याबाहेर हनुवटी टेकून बसतो. आत येत नाही. कुणी शिकवलं नाही त्याला. एकदा पूजा आटोपून उठले तर साहेबांच्या नाकाला विभूती. कुठून लावून घेतली देव जाणे. मी एकटीच मोठ्याने हसले, आणि घरात माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

उगाच भाबडेपणा करत नाही हं, सगळी चौकशी केलीय. जनावरांच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून पाऊण तास उलटतपासणी घेतली. या जातीला जिना चालत नाही, पलंगावरून उडी चालत नाही, वजन वाढू द्यायचं नाही. उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागे, नाहीतर पाठीचा मणका जातो. ऐकण्याच्या बाबतीत अगदी माझ्या सासूबाई. बेल वाजली की गल्ली उठवतो. माझी तुळशीची कुंडी दोनदा उकरून झाली. आणि एकटं राहणं त्याला मुळीच जमत नाही. ते ऐकून मी डॉक्टरांना म्हटलं, हे एवढं सोडून बाकीचं सगळं अवघड आहे.

आणि एक गोष्ट, जी लिहायला मला तीन पानं फाडावी लागली. अशक्तपणा आला होता म्हणून डॉक्टरांनी त्याला रोज उकडलेलं अंडं द्यायला सांगितलं. आमच्या घरात, सिंधू. जिथे पाच पिढ्यांत अंडं उंबऱ्याच्या आत आलं नाही. आरती परीक्षाकेंद्रावर गेलेली. मी स्वतः कोपऱ्यावरून कागदाच्या पुडीत एक अंडं आणलं, एक वेगळं पातेलं काढलं आणि मागच्या ओसरीत जुन्या शेगडीवर ठेवलं. किती वेळ उकळायचं तेही ठाऊक नाही. फुटलं. दुसरं आणलं. ते थंड पाण्यात धरून सोलत होते आणि एकदम मला तुझी अंजू आठवली. मी तिथेच पायरीवर बसून खूप रडले. शेवगा बिचारा अंडं सोडून माझ्याकडे बघत राहिला.

अकरा वर्षं झाली. तू नांदेडहून खास आली होतीस, अंजूला बारावीपर्यंत माझ्याकडे ठेवशील का विचारायला. टायफॉइडमधून उठली होती, रोज एक अंडं द्यायला सांगितलंय, तेवढं मी बाहेर अंगणात करून घेईन म्हणत होती पोर. आणि मी म्हटलं, यांना नाही चालणार गं, पूजेचं घर आहे. तू वाद घातला नाहीस. "बरं, राहू दे," एवढंच म्हणालीस आणि चहा संपवलास. जी तू मुरुडला डब्यात अंडं असलं की माझ्यासाठी खिडकीकडे तोंड फिरवून जेवायचीस, तिला मी अंड्याचं कारण सांगितलं. मग अंजू कुठल्याशा मेसवर राहिली, चार महिन्यांत कावीळ घेऊन परत गेली. मला ते दुसऱ्यांकडून कळलं. मी भेटायला आले नाही. कुठल्या तोंडाने येणार होते?

आता खरं सांगते. यांना मी विचारलंच नव्हतं. तू गेल्यावर सांगितलं तर हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "मला विचारायचं तरी होतंस. पोरगी उपाशी थोडीच ठेवली असती." अडचण अंड्याची नव्हतीच. त्याच वर्षी आमच्या रविकिरणचं मेडिकल हुकलं होतं. तुझी अंजू हुशार. माझ्याच घरात, माझ्याच मुलाच्या टेबलावर बसून तिला ते मिळताना मला बघवणार नव्हतं. एवढी लहान झाले होते मी. तो दोष मी देवावर आणि नवऱ्यावर घातला, आणि दोघांनीही तो मुकाट्याने घेतला.

रविकिरण आता बंगळूरला आहे, चांगलं चाललंय त्याचं. कुत्र्याचं काढलं तर म्हणाला, त्यापेक्षा मी दारात कॅमेरा बसवून देतो, मला तू दिसत राहशील. प्रेमानेच म्हणाला. रोज साडेसातला फोन करतो, पाच मिनिटं. आठव्या मजल्यावर राहतो, त्याच्या बायकोला कुत्र्याच्या केसांनी दम लागतो. त्याच्यावर हे टाकता येत नाही.

आणि कुणावर तरी टाकावं लागणारच आहे. त्यासाठीच हे पत्र. डॉक्टरांनी शेवग्याचं एक कार्ड केलंय. त्यावर सांभाळणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली दुसऱ्या माणसाचं नाव व फोन. मागच्या वर्षी म्हातारी माणसं गेल्यावर त्यांची दोन कुत्री डॉक्टरांच्याच दारात येऊन राहिली, तेव्हापासून ते दुसरं नाव भरल्याशिवाय हो म्हणू देत नाहीत. हा तीन वर्षांचा आहे, अजून दहा-बारा वर्षं सहज काढेल. मी सदुसष्ट. पेन हातात देऊन त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाई, तुमच्यानंतर कोण?" सिंधू, अख्ख्या लातुरात मला एक नाव सुचलं नाही. मग माझ्या हाताने तुझं लिहिलं. तुझी लेक मी ठेवून घेतली नाही, आणि माझा कुत्रा तू ठेवावास म्हणून मागते आहे. लाज वाटते, तरी मागते. कार्ड सोबत ठेवलंय. नंबराची जागा मोकळी सोडली आहे. मन झालं तर नंबर भरून परत पाठव, नाहीतर माझ्यासमोर नाव खोडायला ये, मी तेही मुकाट्याने घेईन. पंचवीस तारखेपर्यंत वाट बघते. रागाने चार पानं लिहिलीस तरी वाचेन. फक्त "बरं, राहू दे" एवढंच लिहून पाठवू नकोस.

तुझीच,
शिवकांता