म्हशीच्या दुधाला गायीचं फॅट

आंधळगाव,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय अश्विन,

सप्रेम जयभीम. आम्ही दोघी सासू-सुना बऱ्या आहोत. म्हैस दूध नीट देते आहे, थंडी पडली आहे आणि तुमचं स्वेटर पेटीतच राहिलं आहे. फोनवर बोलले असते, पण आई बाजूलाच बसलेल्या असतात, म्हणून पत्र.

दूध केंद्राचं प्रकरण मिटलं. आई पाणी घालत नव्हत्या.

आपल्या दुधाचं फॅट सकाळी कमी यायचं आणि संध्याकाळी बरोबर, म्हणून केंद्रवाले भैय्याजी भर लायनीत बोलले की सकाळच्या डब्यात पाणी असते. त्यानंतर आईंनी केंद्र सोडलं आणि मी डबा नेऊ लागले. एका सकाळी मशीनच्या काचेवर साडेसहा दिसलं आणि हातात आलेल्या चिठ्ठीवर साडेतीन. साडेतीन तर आपल्या पुढच्या नत्थूकाकांच्या गायीचं होतं. आपल्या लायनीत ज्याची जागा त्याची, हे तुम्हाला माहीतच आहे. आपला डबा कायम त्यांच्या मागे.

लग्नाआधी साकोलीत कॉम्प्युटर शिकवायचे, ते कामी आलं. भैय्याजींना विचारून मशीनला जोडलेला कॉम्प्युटर पाहिला. त्यांच्या भाच्याने लिहिलेला छोटा प्रोग्राम आहे. दूध तपासलं की मशीन तोच आकडा वायरीतून पुन्हा पुन्हा पाठवते. प्रोग्राम एक ओळ वाचतो, चिठ्ठी छापतो आणि मग उगाच थोडा थांबतो. तोवर आकडे बफरमध्ये, म्हणजे वाचायचे आकडे थांबतात त्या जागेत, साचत जातात, आणि तो भरला की नवे आत येतच नाहीत; पुढच्या डब्याला आधीच्याचाच आकडा छापला जातो. संध्याकाळी गर्दी नसते, तेव्हा तो रिकामा व्हायला वेळ मिळतो. सकाळी मात्र आपल्याला नत्थूकाकांचं फॅट, आणि मागच्या शकुनबाईंच्या गायीला आपल्या म्हशीचं. शकुनबाईंनी कधी तक्रार केली नाही!

आधी मी वायरीचा वेग वाढवला, तर बफर आणखीच लवकर भरायला लागला. शेवटी ते थांबणं काढून टाकलं आणि दर डब्याआधी साचलेलं पुसायला लावलं. दुसऱ्या सकाळी काच आणि चिठ्ठी जुळली.

भैय्याजी म्हणाले, दुरुस्त झालं ना, आता विषय संपवू. आई माझ्यासोबत आल्या होत्या, त्या ऐकेनात. "भर लायनीत बोललात, भर लायनीतच सांगा." भैय्याजींनी सांगितलं. माणूस वाईट नाही.

मला वाटलं आई खूश होतील. पण घरी येऊन थेट डबा घासायला बसल्या. तुम्हाला फोन लावते म्हटलं, तर म्हणाल्या, "त्याले सांगू नोको. मशीननं सांगतल्यावर मानन, तं माह्या सांगन्याले काय अर्थ राह्यला?"

भैय्याजींचं बोलणं कळल्यावर त्या रविवारी तुम्ही त्यांना फोनवर काय म्हणालात, ते मला माहीत नव्हतं. आता आईंकडून कळलं. "आई, घालत असशीन तं बंद कर, मले लाज वाटते." मला तुमचा राग आला आहे, खोटं कशाला लिहू? भैय्याजींच्या बोलण्याने त्यांनी केंद्र सोडलं, पण रात्रीचं जेवण सोडलं ते तुमच्या बोलण्याने. मी आपली पित्त समजून गोळ्या देत होते.

तुम्ही वाईट नाही, हे मला माहीत आहे. कंपनीत दिवसभर आकड्यांवरच विश्वास ठेवायचा असतो. पण त्या तुमच्या आई आहेत.

फोन करू नका, या. मशीनचं आणि प्रोग्रामचं नावही काढू नका. भैय्याजींनी लायनीत सांगितलं. घरात तुम्ही सांगायचं राहिलं आहे.

तुमची, पण या वेळी आईंच्या बाजूची,
रश्मी